अनेक म्हणजे किती

शनिवारी दुपारी बाराला अर्जांची मुदत संपत होती आणि साडेअकरा वाजेपर्यंत यामिनीचं एकच वाक्य लिहून झालं होतं. तेही दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं. परदेशातल्या ल्यूकन या उपनगरात, एकसारख्या घरांच्या त्या रांगेत कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. ते थांबलं की सुचेल, असं ती मघापासून स्वतःला सांगत होती. यंत्र दोनदा थांबलं, सुचलं काही नाही.

अर्ज म्हणजे तसं मोठं प्रकरण नव्हतं. पाऊस आणि नद्यांची पातळी मोजणाऱ्या यंत्रांच्या नोंदी गोळा करणारं ‘कर्ल्यू’ नावाचं सॉफ्टवेअर. त्याला मालक नाही. जगभरातली शंभर-सव्वाशे माणसं आपापल्या वेळात ते फुकट लिहितात, आणि हवं त्याने ते फुकट घ्यावं. पण फुकटच्या कामातही काय ठेवायचं आणि काय काढायचं हे कुणीतरी ठरवावं लागतंच. त्यासाठी पाच जणांची तांत्रिक समिती होती आणि दर वर्षी एप्रिलमध्ये तिच्या रिकाम्या जागांची निवडणूक. ज्याला उभं राहायचं असेल त्याने आपलं निवेदन एका फाइलमध्ये लिहून, जसा कोड जमा करतात तसं, प्रकल्पातच जमा करायचं. या वर्षी एक जागा रिकामी होती. ती हृषीकेशची होती.

हृषीकेश तिचा नवरा. गेल्या मेमध्ये ऑफिसला जाताना ग्रँड कॅनाल डॉकच्या पुलावर दम खायला म्हणून थांबला आणि तिथेच कोसळला. एकोणपन्नास वर्षांचा होता.

त्या जागेसाठी एक अर्ज आधीच आला होता, प्रसन्नचा. प्रसन्न डंडॉकला राहायचा. हृषीकेशला दादा म्हणायचा, आणि कर्ल्यूमधलं त्याचं पहिलं काम हृषीकेशने याच घरात, याच टेबलाशी शेजारी बसवून करून घेतलं होतं. अर्ज टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने फोन केला होता.

“वहिनी, तुम्ही लिस्टवर वाचण्याआधी मीच सांगतो. मी उभा राहतोय. आणि घड्याळ-दुरुस्तीचा भाग काढायचा असं लिहिलंय.”

“काढायचा म्हणजे?”

“म्हणजे पुढच्या आवृत्तीत तो नसेल. दर आवृत्ती त्याच्यापायी दोन-तीन आठवडे अडकते, वहिनी. तो कुणाला कळत नाही. मलाही धड कळत नाही, आणि मला तर दादाने समजावलाय.”

“मला कळतो.”

“तुम्हाला कळतो, तेच म्हणतोय. तुम्ही एकट्या किती वर्षं सांभाळणार?”

“मी तक्रार केली का?”

“तसं नाही हो—”

“डाळ खाली लागेल. ठेवते.”

गॅसवर डाळ नव्हती. फोन ठेवून ती तशीच उभी राहिली आणि त्याच क्षणी तिने ठरवलं की आपण उभं राहायचं.

तो भाग हृषीकेशने आठ वर्षं लिहिला होता. स्वस्तातल्या यंत्रांची घड्याळं मागे पडतात. एका दिवसात अर्धा-पाऊण सेकंद, पण वर्षभरात चार मिनिटं. एका नदीवर अशी पाच-सहा यंत्रं असली की कागदावर पुराचा लोंढा वरच्या गावाआधी खालच्या गावात पोहोचलेला दिसतो. दिवसाचं तापमान चढतं-उतरतं त्या लयीवरून कोणतं घड्याळ किती मागे आहे हे हृषीकेशचा कोड शोधून काढायचा आणि नोंदींच्या वेळा सुधारून द्यायचा. यामिनी भौतिकशास्त्रातली, नोकरीतही तिचं काम मोजमापाच्या उपकरणांमधल्या चुका शोधायचं. तिच्या मते एवढा देखणा कोड कर्ल्यूमध्ये दुसरा नव्हता. हे ती बायको म्हणून म्हणत नव्हती, असं तिला प्रामाणिकपणे वाटायचं. आता नवी यंत्रं थेट उपग्रहाकडून वेळ घेतात, हेही तिला माहीत होतं.

बाराला आठ मिनिटं असताना तिने निवेदन जमा केलं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य होतं: “जगभरातली अनेक केंद्रं आजही घड्याळ-दुरुस्तीवर अवलंबून आहेत आणि त्यांना वाऱ्यावर सोडणं योग्य होणार नाही.”

पुढचा आठवडा प्रश्नांचा असे. उमेदवारांना कुणीही काहीही विचारावं, सगळ्यांसमोर, आणि उत्तरही सगळ्यांसमोर द्यावं. पहिले दोन दिवस साधे प्रश्न आले. तिसऱ्या दिवशी प्रसन्नचा प्रश्न आला. एका ओळीचा.

“अनेक म्हणजे किती?”

लिस्ट म्हणजे प्रकल्पातल्या सगळ्यांना एकदम जाणारी ईमेल, आणि तिच्यावर सगळं इंग्रजीत चालायचं. पण हा प्रश्न मूळचा मराठी आहे, हे त्या शंभर माणसांत दोघांनाच ठाऊक होतं. तो हृषीकेशचा प्रश्न होता. “आई, सगळ्या मुलींकडे फोन आहे,” असं स्वरांगीने म्हटलं की वर्तमानपत्राआडून आवाज यायचा, “सगळ्या म्हणजे किती?” सहा वर्षांपूर्वी यामिनीने कर्ल्यूला दिलेलं पहिलंवहिलं काम त्याने याच प्रश्नावर अडवलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘अनेक नोंदी उशिरा पोहोचतात.’ त्याने खाली, जगासमोर, विचारलं होतं, किती? घरात शेजारच्या खोलीत बसून. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने मोजलं. चाळीस हजारांत अकरा. तिने काम मागे घेतलं आणि तो इतका हसला की शेवटी तिलाही हसावं लागलं.

आणि आता तोच प्रश्न प्रसन्न तिला विचारत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने उत्तर दिलं नाही.

लिस्टवर मात्र उत्तरं आली. कुणीतरी प्रसन्नला लिहिलं की हा प्रश्न या वेळी, या व्यक्तीला विचारणं शोभत नाही. आणखी तिघा-चौघांनी दुजोरा दिला. प्रसन्नने माफी मागितली, पण प्रश्न मागे घेतला नाही. लोक आपल्याकडे झुकतायत हे यामिनीला दिसत होतं. कशामुळे झुकतायत तेही दिसत होतं. तिने ते होऊ दिलं.

सोमवारी सकाळी ती स्वरांगीच्या डब्यासाठी पोळ्या करत होती. ओट्यावरच्या प्रेसमध्ये फोन वाजला. प्रेस म्हणजे कपाट. इथे बारा वर्षं काढल्यावर घरात तोच शब्द रुळला होता. हृषीकेशचा फोन तिथे चार्जरला लावलेला असायचा. वीज, इंटरनेट, शाळेचं ॲप, सगळ्यांचे कोड अजून त्याच नंबरवर यायचे.

स्वरांगीने दार उघडून बघितलं. ती चौदा वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र इथल्या मुलींसारखी.

“कोड असेल,” यामिनी म्हणाली. “वाचून दाखव.”

“नो. इट्स अ व्होट.”

“काय?”

“फॉर बाबा. इट सेज, डिअर हृषीकेश, युअर बॅलट इज रेडी.”

यामिनीने तव्याखालचा गॅस बंद केला आणि फोन हातात घेतला.

चूक कुणाचीच नव्हती. गेल्या बारा महिन्यांत ज्याचं काम प्रकल्पात स्वीकारलं गेलं त्याला मत, असा नियम. हृषीकेशच्या लॅपटॉपवर अर्धवट राहिलेली एक दुरुस्ती यामिनीला सापडली होती. जानेवारीत तिने ती पूर्ण करून जमा केली. ज्याने लिहिलं त्याचं नाव लेखक म्हणून ठेवायचं, जमा करणाऱ्याचं वेगळं नोंदवायचं, ही रीत. तिने रीतीप्रमाणे केलं. यंत्राने लेखकांची नावं मोजून मतदारयादी बनवली. यंत्राच्या लेखी हृषीकेश जानेवारीत काम करत होता.

“सो, डझ ही गेट टु व्होट?” स्वरांगीने विचारलं.

“नाही गं. कसं देणार?”

“आय नो, बट. ही’ड व्होट फॉर यू, लाइक. ऑबव्हियसली.” तिने डबा दप्तरात कोंबला. “सीम्स अ वेस्ट—” ती मध्येच थांबली, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाली, “जाते.” ती मराठीत बोलली की समजावं, तिला वाईट वाटलंय.

ती गेल्यावर यामिनी टेबलाशी बसली. मतपत्रिकेवर दोन नावं होती. मत पाठवायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिला फक्त बघायचं होतं, आपल्या नावापुढे खूण केल्यावर ते कसं दिसतं. तेवढ्याने कुणाचं काय बिघडणार होतं? आणि स्वरांगी म्हणाली तसं, ते मत त्याने मलाच दिलं असतं.

दिलं असतं?

तिने डोळ्यांसमोर आणून बघितलं. चष्मा कपाळावर चढवलेला, खुर्ची मागे सरकवलेली. दोन्ही निवेदनं तो शेवटपर्यंत वाचणार. मग तिच्या निवेदनातल्या त्या वाक्यावर बोट ठेवणार आणि थांबणार. ती कितीही वेळ बसली असती तरी ते बोट तिथून पुढे सरकलं नसतं.

तिने फोन पुन्हा चार्जरला लावला, ऑफिसला कळवलं की आज घरून काम करते, आणि मोजायला बसली.

कोणतं केंद्र कर्ल्यूचे कोणते भाग वापरतं याची एक नोंदवही प्रकल्पात असे. केंद्र चालवणारे तिच्यात आपणहून नाव घालत. घड्याळ-दुरुस्तीपुढे एक्केचाळीस नावं होती. तिने एक्केचाळीस पत्रं पाठवली. मजकूर एकच: आपल्याकडे हा भाग आज चालू आहे का?

उत्तरं येत राहिली. बावीस जणांनी यंत्रंच बदलली होती. सहा केंद्रं बंद झाली होती. सात पत्त्यांवरून पत्र परत आलं, तेव्हा तिने त्यांच्या नोंदी काढून बघितल्या. दोन-तीन वर्षांत एकही नव्हती. चौघांना आपण हा भाग कधी चालू केला होता हेच आठवत नव्हतं, त्यांनी बघून सांगितलं की बंद आहे. चिलीमधल्या एका शाळेच्या बाईंनी लिहिलं, “आमचं यंत्र दोन हिवाळ्यांपूर्वी नदीने नेलं. नाव काढलं नाही, कारण तुमचे पती दर नव्या वर्षाला यादीतल्या सगळ्यांना पत्र लिहायचे. मुलांना ते पत्र आवडायचं.”

तो असली पत्रं लिहायचा हे यामिनीला माहीत नव्हतं.

चाळीस झाले. एक्केचाळिसावं नाव तिने पहिल्यापासून मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ‘ल्यूकन, परसदार.’

गुरुवारी दुपारी ती मागच्या शेडपाशी गेली. शेडच्या छपराला लावलेलं पांढरं नळकांडं, खाली डबी, डबीत वेळ दाखवणारा छोटा पडदा. तिने मोबाइलमधली वेळ आणि ती वेळ शेजारी-शेजारी धरून बघितली. घड्याळ चार मिनिटं दहा सेकंद मागे होतं. आत जाऊन तिने हृषीकेशच्या कोडने काढलेला अंदाज बघितला. चार मिनिटं आठ सेकंद. कुणी न सांगता, नुसत्या ऊन-सावलीवरून, वर्षभरानंतर दोन सेकंदांची चूक. काम चोख होतं. एका यंत्रासाठी.

तिने लिस्टवर प्रसन्नच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं.

“एक. ते आमच्या परसात आहे. माझ्या निवेदनातलं ‘अनेक’ चुकीचं होतं. मी न मोजता लिहिलं. त्या शब्दामुळे ज्यांनी मला मत दिलं असेल, त्यांना शनिवारपर्यंत मत बदलता येतं.”

मग निवडणूक बघणाऱ्या ऑर्लाला वेगळं पत्र. ऑर्ला गॉलवेची, यामिनी तिला कधी भेटलेली नव्हती. ‘मतदारयादीतलं एक नाव काढावं लागेल,’ इथवर सरळ लिहून झालं. ‘कारण’ या शब्दापाशी बोटं थांबली. बँकेला, करखात्याला, घराच्या कर्जवाल्यांना तिने हे कितीदा तरी लिहिलं होतं, आणि ते लिहिणं कोरडं असायचं. त्या सगळ्यांना तो मेलाय हेच कळवायचं होतं. ही यादी काम करणाऱ्यांची होती. हिच्यात तो अजून काम करत होता. बराच वेळ गेल्यावर तिने लिहिलं, ‘मतदार हयात नाही.’

ऑर्लाचं उत्तर अर्ध्या तासात आलं. “काढलं. यामिनी, मला फार वाईट वाटतं. यंत्राला कळत नाही गं.”

शनिवारी निकाल लागला. प्रसन्न एकसष्ट, यामिनी अडतीस. तिचं उत्तर किती प्रामाणिक होतं याबद्दल आठ-दहा जणांनी लिहिलं. त्यांच्यापैकी बहुतेकांनी मत प्रसन्नला दिलं असणार, हे तिने मनातल्या मनात नोंदवलं. त्यात काही गैर नव्हतं.

“बाबाचं मत धरलं असतं तर?” रात्रीच्या भाताला फोडणी पडत असताना स्वरांगीने विचारलं, तेही चक्क मराठीत.

“काही फरक नाही. तेवीस मतांचं अंतर आहे.” आणि मग, लपवण्यासारखं काय आहे असं वाटून, “आणि त्याने मला दिलं नसतं.”

“ही वुड सो.”

“नसतं दिलं, स्वरा.”

“ही वुड सो!” ती ओरडली आणि जिना चढून खोलीत गेली. वरचं दार आपटलं. खरं काय ते सांगायला हवं, पण लेकीला सांगायची ही वेळ होती का, हे मात्र यामिनीला मोजता आलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी अकराला प्रसन्न आला. डंडॉकहून सव्वा तास गाडी चालवत, फोन न करता. हातात पेढ्यांचा डबा होता. तो द्यावा की देऊ नये हे न सुचून त्याने तो चपलांशेजारी ठेवला.

“ते आत आण,” यामिनी म्हणाली. “मुंग्या लागतील.”

तो टेबलाशी बसला. लॅपटॉप काढला, उघडला नाही. चहा निवून गेला.

“वहिनी, तीन वेळा लिहिलं. काढून टाकायचं काम. तिन्ही वेळा जमा न करता फेकलं. जिंकलोय आणि हात उचलत नाहीये.”

“प्रश्न विचारायला बरा उचलला.”

“तो प्रश्न माझा नव्हता, वहिनी.”

“माहीत आहे. म्हणून तर राग आला.”

प्रसन्नने मान खाली घातली. त्याचे खांदे हलले तसं यामिनीने उठून खिडकी उघडली, बाहेर बघण्यासारखं काही असल्यासारखी बघत राहिली. त्याने नाक ओढल्याचा आवाज आल्यावरच वळली.

“सरक,” ती म्हणाली.

तिने स्वतःचा लॅपटॉप उघडला. चौदा फाइली, तीन हजार एकशे बारा ओळी. काही ओळी तिला तोंडपाठ होत्या. एका जागी हृषीकेशने शेरा लिहून ठेवला होता: ‘हे इथे का लागतं ते मला अजून कळलेलं नाही, पण काढलं की उत्तर चुकतं.’ तिने तो दोनदा वाचला, आणि फाइल पुसली. सगळ्या पुसून झाल्यावर कारणाच्या जागी तिने लिहिलं, ‘हा भाग वापरणारं एकच केंद्र उरलं आहे.’

“दादाबद्दल काहीतरी लिहा ना,” प्रसन्न म्हणाला.

“इथे कारण लिहायचं असतं.”

“जुन्या इतिहासात सगळं राहतंच म्हणा. कुणीही मागे जाऊन बघू शकतो.”

“राहतं,” यामिनी म्हणाली. “तू शेवटचा कधी गेला होतास?”

समितीच्या सभासदाची मंजुरी लागायची. प्रसन्नने समोरच्या खुर्चीवरून, आपल्या लॅपटॉपवरून ती दिली. मग दोघं चाचण्या संपायची वाट बघत बसले. एरवी चाळीस मिनिटं लागायची आणि मध्ये दोन-तीनदा तरी काहीतरी अडायचं. आज नऊ मिनिटांत सगळ्या चाचण्या पास होऊन हिरव्या झाल्या. प्रसन्न काही बोलला नाही, आणि त्याबद्दल तिला त्याचे आभार मानावेसे वाटले.

नवी आवृत्ती चार दिवसांनी आली आणि घरातल्या यंत्रावर आपोआप बसली. आणखी काही दिवसांनी, संध्याकाळच्या पाचला वीस मिनिटं असताना, परसात पाऊस सुरू झाला. यामिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होती. तिने सवयीने घड्याळ बघितलं आणि मग लॅपटॉपवरची नोंद. नोंदीप्रमाणे पाऊस चार मिनिटं आधीच सुरू झाला होता.

ती कोट डोक्यावर घेऊन शेडपाशी गेली. डबीच्या आत एक छोटी वही असायची. शेवटची नोंद हृषीकेशची होती, गेल्या वर्षीच्या मार्चमधली. ‘१६ मार्च. बॅटरी बदलली. घड्याळ लावलं. यापुढे हात लावू नये.’ घड्याळ हाताने लावलं तर ते किती मागे पडतं हे कोडला शिकता येत नसे, म्हणून. आता शिकणारं कुणी नव्हतं.

वेळ लावायचं बटण डबीच्या उजव्या कडेला होतं. त्याने लावलेलं घड्याळ वर्षभर त्या वेळेपासून चालत आलं होतं, मागे पडत का होईना. तिने मोबाइलमधला सेकंद बघून बटण दाबलं. पडद्यावरची वेळ चार मिनिटं वीस सेकंदांनी पुढे सरकली. मधल्या चार मिनिटांची एकही नोंद यंत्राकडे नव्हती. पुढे कुणी आलेख काढला तर तिथे एवढीशी फट दिसेल, आणि तो कारण विचारेल.

म्हणून तिने वही कोटाखाली धरली आणि त्याच्या अक्षराखाली तारीख घातली. पेन्सिल ओल्या कागदावर नीट उमटत नव्हती. तिने पुन्हा गिरवून लिहिलं: ‘घड्याळ हाताने लावलं. फरक ४ मि. २० से.’